पाठमोरी

अबोलीचा गजरा घेऊन मी सोसायटीच्या फाटकाशी आलो तेव्हा शूटिंगची गाडी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"काका, मॅडम फोन उचलत नाहीत," तो म्हणाला. "उशीर झाला की भोईर माझ्यावर खेकसतो."

"येईल. केसांना वेळ लागतो तिला."

गजरा मी मुद्दाम बाजारात जाऊन आणला होता. माझ्या बायकोचा, शालनचा, एक सीन आदल्या दिवशी अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा त्या दिवशी व्हायचा होता, आणि अर्धा सीन राहिला की दुसऱ्या दिवशी सगळं तसंच लागतं. तीच साडी, तोच अंबाडा, तेवढाच गजरा. याला ते लोक कंटिन्युटी म्हणतात. फुलवालीने गजरा बांधताना नेहमीप्रमाणे ऐकवलं होतं, "त्या बयेसाठीच नेताय ना? तिला सांगा, सुनेला आता तरी दोन घास सुखाने खाऊ दे." मालिकेत शालन सासू होती, माईसाहेब. बाजारातल्या बायका तिचा राग माझ्यावर काढायच्या. भाजीवाला मला मुद्दाम किडकी वांगी घालतो असा मला संशय होता.

मी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. शालन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पायात चपला होत्या. मांडीवर साडीची पिशवी होती, चेन लावलेली. मान एका बाजूला झाली होती. गाडीची वाट बघताना ती नेहमी तशीच डुलकी काढायची.

मी गजरा आधी टेबलावर ठेवला, मग तिला हाक मारली. मग हात लावला. खाली हॉर्न वाजतच होता.

समोरच्या इमारतीतले डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं ते मला आधीच कळलं होतं. ड्रायव्हर वर आला, दारातून पाहिलं आणि जिन्यात जाऊन फोन लावला. "हो, गेल्या," तो म्हणत होता. "नाही हो, खरंच गेल्या. खुर्चीत." मग बराच वेळ नुसतं, "हो. हो. बरं. विचारतो." पण त्याने तेव्हा काही विचारलं नाही. हात जोडून गेला.

दुपारपर्यंत माझी थोरली बहीण आक्का आली आणि बायकांनी घर ताब्यात घेतलं. सवाष्ण गेली होती, तेव्हा हिरवी साडी हवी होती. आक्काने खुर्चीजवळची पिशवी उघडली. आत इरकल होती. गर्द हिरवी, लाल काठाची. शालनची स्वतःची. मालिकेवाल्यांच्या साड्या अंगाला टोचतात म्हणून ती मोठ्या सीनला घरचीच साडी नेसायची.

"हे बघा, जणू काढूनच ठेवली होती हो बिचारीने," आक्का म्हणाली.

"ती नको," मी म्हणालो.

"का रे?"

"तिची कंटिन्युटी आहे."

"कुणाची?"

"साडीची. अर्धा सीन झालाय त्या साडीत. उरलेला आज आहे."

शेजारच्या पाटणकर वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला अजून नक्की सांगता येणार नाही. आक्काने साडी परत पिशवीत ठेवली, चेन लावली आणि लहान मुलाला म्हणावं तसं "बरं हो" म्हणाली. मग तिने स्वतःच्या घरून, सुनेच्या डोहाळजेवणाला घेतलेली नवी साडी मागवली. शालन ती नेसून गेली. गजरा मात्र मी आणलेला होता. तो तिच्याबरोबर गेला.

शालन गेली त्याच्या आदल्या दिवशी ती घरी आली तीच मुळी बोलत आली होती. एरवी शूटिंगहून आली की ती पाय चोळत बसायची आणि दिग्दर्शकाला शिव्या द्यायची. त्या दिवशी जेवताना तिने मला तो सीन करून दाखवला.

"ऐका. माईसाहेब सुनेला झापतायत. नेहमीचंच. तू अमुक केलंस, तू तमुक केलंस. आणि मधेच त्यांना सुनेचं नाव आठवत नाही. दोन वर्षं जिला छळलं तिचं नाव. डोकं उतरणीला लागलंय, पण ते कुणाला कळू द्यायचं नाही. मग काय करतील त्या?"

"गप्प बसतील."

"चूक. तो दाढीवाला पोरगाही हेच म्हणाला. गप्प बसा, डोळ्यांत पाणी आणा. मी म्हटलं, बाबा रे, ही बाई गप्प बसणारी नाही. ती अजून ओरडेल."

आणि ती ओरडली. आमटीची वाटी हातात धरून ती मला नावाशिवाय झापत राहिली. "ए, तू. तुझ्याशी बोलतेय मी. तूच. दुसरी कोण आहे इथे?" आवाज चढत गेला तसा तिचा उजवा हात कमरेला गेला आणि तिथे नसलेल्या किल्ल्या चाचपायला लागला. मी घास तोंडात तसाच धरून बसलो होतो.

"असं," ती म्हणाली आणि वाटीतली आमटी प्यायली. "माझे क्लोजअप सगळे झाले. उद्या त्या पोरीचे आहेत. तीस वर्षं नाटकं केली, दहा वर्षं या डब्यात काम केलं. पण हा एक सीन लोकांनी बघावा. मग नाही काही दाखवलं तरी चालेल."

भोईर आला तेव्हा दहावा व्हायचा होता. तो मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर. गाड्या, जेवणं, कपडे, सगळं तोच बघायचा. दारातच चपला काढून सतरंजीच्या कडेवर बसला.

"काका, फार वाईट झालं. सेटवर कुणी जेवलं नाही त्या दिवशी."

"बरं."

"काका, वरून फोनवर फोन येतात. एपिसोड शिल्लक नाहीत. सोमवारी दाखवायला काही नाही."

"मग?"

"ती हिरवी साडी हवी होती."

मला वाटलं, सीन पुरा करायला. मी उठायलाही लागलो होतो.

"पोरीचे क्लोजअप राहिलेत ना," मी म्हणालो. "शालन म्हणाली होती."

भोईरने मान खाली घातली. "नाही काका. तो सीन पहिल्यापासून घ्यायचा ठरलाय. नव्या मॅडमवर. शुक्रवारच्या भागात माईसाहेब त्या साडीत जिना उतरतात, ते जाहिरातीत लोकांनी पाहिलंय. म्हणून साडी तीच पाहिजे."

"आणि शालनचं झालेलं काम?"

"अर्धा सीन कसा दाखवणार काका? काढून टाकायचा."

"तिचा चेहरा नको. साडी पाहिजे."

"तसं नाही हो काका."

"मग कसं आहे ते सांग."

तो सतरंजीची कड दुमडायला लागला. मी विचारलं, "नवी कोण?"

"कुंदाताई. कुंदा राजवाडकर."

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तिला ते नाव माहीत होतं. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

"भोईर, ऊठ," मी म्हणालो.

"काका, साडी बाजारातही मिळते."

"मग बाजारात जा."

"अशी जुनी इरकल मिळत नाही, सगळीकडे पाहिलं. मी भाड्याने म्हणतो, परत आणून देतो, ड्रायक्लीन करून..."

मी त्याच्या चपला उचलून जिन्यात ठेवल्या. फेकल्या असं तो नंतर सेटवर सांगत होता. मी ठेवल्या.

आता कुंदा राजवाडकरचं सांगायला हवं.

शालन चाळिशीची असताना तिला एक नाटक मिळालं होतं. दोन जावांचं. धाकटी जाऊ शालन आणि थोरली कुंदा. तिसऱ्या अंकात धाकटीचं मोठं भाषण होतं, सगळं थोरलीला उद्देशून. त्या भाषणासाठी नाटक चालत होतं. सुरुवातीच्या प्रयोगांना दोघी रंगमंचाच्या मधोमध, समोरासमोर उभ्या असायच्या, आणि शालनचा चेहरा प्रेक्षकांना नीट दिसायचा.

मग कुंदा मागे सरकायला लागली. आधी एक पाऊल. मग खुर्चीच्या मागे. मग पार मागच्या खिडकीशी. बोलायचं तर तिच्याकडे बघून बोलायला हवं. ती मागे गेली की शालनला वळावं लागायचं, आणि शालन वळली की प्रेक्षकांना तिची पाठ. पाठीच्या पलीकडे कुंदाचा चेहरा, पूर्ण उजेडात, ऐकत असलेला. मी वागळे इस्टेटमधल्या कंपनीत स्टोअरला होतो. शनिवार-रविवारचे प्रयोग मी बघायचो, तिसऱ्या रांगेत. नाटक गाजत गेलं तसतशी मला माझ्या बायकोची पाठ जास्त दिसायला लागली. शेवटी शेवटी भाषणभर फक्त अंबाडा आणि खांदे दिसायचे.

शालनने व्यवस्थापकाला सांगितलं. तो म्हणाला, "बायकांची भांडणं मेकअपरूममध्ये ठेवा." मग शालनने एक दिवस वळायचं नाही असं ठरवलं. सगळं भाषण प्रेक्षकांकडे बघून म्हटलं. एका पेपरात आलं की शालन मोहोळकर अलीकडे समोरच्या पात्राशी न बोलता भाषण ठोकतात. पुढच्या दौऱ्याला धाकटी जाऊ म्हणून दुसरी नटी गेली. शालनला नंतर मोठं नाटक मिळालं नाही. दोघी पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

कुंदा टीव्हीवर दिसली की शालन जेवणाचं ताट घेऊन समोर बसायची आणि बोलायची. "बघा. हिला अभिनय येत नाही. उभं राहता येतं फक्त. कुठे उभं राहायचं ते बरोब्बर कळतं." मग माझ्याकडे वळून, "कुणीतरी तिला हे तोंडावर सांगायला हवं. तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू?"

"मी मेल्यावर सांगा हवं तर. म्हणजे माझ्या नावाने बोंब नको. कुंदाबाई, तुम्हाला अभिनय येत नाही. एवढंच. कबूल?"

"कबूल."

"हसू नका. कबूल म्हणा नीट."

मी नीट म्हणालो होतो.

भोईर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. आक्काने दार उघडलं. बाहेर उंच, जाड बाई उभी होती. सुती साडी, हातात स्वतःची पाण्याची बाटली.

"कुंदा राजवाडकर," ती म्हणाली.

"माहीत आहे," आक्का म्हणाली आणि दारातून हलली नाही.

"येऊ दे," मी म्हणालो. शालनला कबूल केलेलं ते वाक्य म्हणायला मला कुठे शोधत जावं लागलं नव्हतं, ती स्वतःच दारात आली होती.

ती आत आली. शालनच्या फोटोकडे एकदा पाहिलं. वाईट वाटलं असं काही म्हणाली नाही. मला तेवढं बरं वाटलं.

"बसायला सांगणार नसाल तर उभ्याने बोलते. मला सवय आहे."

"माहीत आहे. मागे उभं राहायची."

"हो, मागे," ती म्हणाली. "आता ते भांडण आधी करायचं की साडीचं?"

"साडी मिळणार नाही."

"भोईर गाढव आहे. त्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं, कारण उरलेलं काल संध्याकाळी ठरलंय. मी ठरवलंय." तिने बाटली उघडून घोट घेतला. "मी तिचं काम पाहिलं. त्यांनी मला दाखवलं, म्हणजे मला कळावं काय करायचं. तो सीन मी करणार नाही."

"जमणार नाही म्हणा."

"तसं म्हणा. तुम्हाला बरं वाटत असेल तर."

आक्का मधेच म्हणाली, "मग आलात कशाला?"

"नाव विसरते ना, त्या जागी ती आवाज चढवते," कुंदा माझ्याकडेच बघून म्हणाली. "मी कमी केला असता. सगळ्याच जणी कमी करतील. पाहून झाल्यावर मला इतका राग आला की मी जेवले नाही. बाई मेली तरी मला चैन पडू देत नाही."

"पुढे बोला."

"तिचे क्लोजअप झालेत. दोघींचा एकत्र शॉट झालाय. राहिलेत ते सुनेचे. सुनेचा चेहरा घेताना कॅमेऱ्याच्या कडेला सासूची पाठ दिसावी लागते. सजेशन म्हणतात त्याला. पाठ, खांदा, अंबाडा. तेवढं मिळालं की सीन पुरा होतो, आणि तिचं सगळं काम लागतं. ती पाठ मी देणार. माझा चेहरा त्याच्या पुढच्या सीनपासून."

"तो दाढीवाला तयार झाला?"

"त्याला म्हटलं, असं करा नाहीतर मी घरी जाते. सोमवारपर्यंत दुसरी म्हातारी कुठून आणतो."

मी विचार केला. तिच्या बोलण्यात खोट सापडेना, त्याचा मला जास्त राग आला.

"पाठच द्यायची तर कुणालाही उभी करा. साडी मी त्या बाईला देईन. तुम्हाला देणार नाही."

"ती नुसती उभी राहील."

"आणि तुम्ही काय करणार? तुम्ही आयुष्यात कधी प्रेक्षकांकडे पाठ केली नाही. दुसऱ्याला करायला लावलीत."

"लावली," ती म्हणाली. "मला कळत होतं. तिला कळत होतं. तुम्हाला वाटायचं तिसऱ्या रांगेत बसून तुम्हालाच कळतंय. ती समोर तोंड करून बोलायला लागली की माझ्याकडे कुणी बघायचं नाही. मला घर चालवायचं होतं आणि नवरा तुमच्यासारखा नव्हता, नाटकाला येऊन बसणारा. झालं? अजून काय ऐकायचंय?"

मी शालनच्या फोटोसमोरची वात सारखी केली.

"एक सांगते, मग चालते," ती म्हणाली. "ते भाषण करताना तिचा चेहरा मी एकटीने पाहिलाय. प्रेक्षकांनी नाही, तुम्हीही नाही. मी मागे गेले ना, म्हणून रोज मला एकटीला दिसला. पण पाठ मी कधी पाहिली नाही. पाठ तुम्ही पाहिलीत. म्हणून साडी नुसती देऊ नका. घेऊन या. तिथे बसा. मी चुकले तर सांगा."

"मला सुतक आहे," मी म्हणालो.

"आम्हाला सोमवार आहे," कुंदा म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ते वाक्य मी म्हणालोच नव्हतो. ती बोलत राहिली म्हणून मला जागाच मिळाली नाही, अशी मी समजूत घातली.

आक्का उरलेला दिवस माझ्याशी बोलली नाही. सुतकात माणूस घराबाहेर पडत नाही, आणि पडला तरी नाटक-तमाशाच्या जागी जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या बाईने ती साडी नेसलेली तुला बघवेल?"

"नाही," मी म्हणालो.

वाटेत गजरा घेतला. फुलवालीला कळलेलं होतं. तिने मान खाली घालून गजरा बांधला आणि देताना विचारलं, "मग आता सासूचं काम कोण करणार?"

शूटिंगचा बंगला घोडबंदरच्या बाजूला होता. मला पाहून सगळे उठून उभे राहिले आणि मग कुणालाच काय करायचं ते कळेना. भोईरने खुर्ची आणली आणि माझ्यापासून लांब उभा राहिला. दाढीवाला दिग्दर्शक माझ्या पाया पडला. मी त्याला म्हणालो, "ती गप्प बसणार नव्हती, हे तिने तुला सांगितलं होतं." तो म्हणाला, "हो सर, बरोबर होतं त्यांचं." मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण त्याने सोय ठेवली नाही.

कुंदा तयार होऊन आली. साडी तिला आखूड पडत होती, घोट्याच्या वर जात होती. कॅमेऱ्यात पाय दिसणार नव्हते. कमरेला माईसाहेबांचा किल्ल्यांचा जुडगा होता. अंबाड्यात अबोली. माझ्याकडे न बघता ती जागेवर गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर सुनेचं काम करणारी मुलगी. समोरचीला बोलायला आधार पाहिजे म्हणून स्पीकरवर शालनचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा होता.

मला छोट्या टीव्हीसमोर बसवलं. त्यात मुलीचा चेहरा होता आणि कडेला हिरवी साडी, खांदा, अंबाडा.

आवाज सुरू झाला. "कोणाला विचारून उघडलंस कपाट?" शालन खोलीत बोलायला लागली. मी खुर्चीचे हात धरले.

"थांबा," कुंदा म्हणाली. आवाज थांबला. तिने मान वळवली नाही. "मोहोळकर, गप्प बसायला बोलावलं नाही तुम्हाला."

"डावा खांदा," मी म्हणालो.

"मोठ्याने."

"डावा खांदा खाली पाहिजे. तिची पिशवी त्या खांद्याला असायची. आणि तुम्ही मान ताठ धरलीय. ती ओरडताना मान पुढे काढायची. कोंबडीसारखी."

सेटवर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"कोंबडी," कुंदा म्हणाली. "परत लावा."

परत लावलं. मी परत थांबवलं. ती एका पायावर भार देत होती, शालन दोन्हीवर द्यायची. मी परत थांबवलं. माझ्या आवाजात चीड होती आणि ती मी लपवली नाही. मला वाटतं, मला तिने चिडायला हवं होतं. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. दरवेळी म्हणायची, "पुढे?"

मग मला सांगायला काही उरलं नाही.

"पुढे?" ती म्हणाली.

"काही नाही. चालू द्या."

आवाज सुरू झाला. कपाट कोणी उघडलं, चांदीची भांडी कुठे गेली, तुझ्या आईने हेच शिकवलं का. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. आणि मग ती जागा आली. "आणि ऐक गं..." शालन म्हणाली आणि थांबली. क्षणभर स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्या खरखरीत हिरव्या साडीचा उजवा खांदा जरासा हलला आणि हात कमरेशी गेला. किल्ल्या वाजल्या नाहीत. एकेक किल्ली चाचपत होती ती बाई, त्यातल्या एखाद्या किल्लीवर नाव लिहिलेलं असावं तशी. "ए, तू," शालन ओरडली. "तुझ्याशी बोलतेय मी. तूच. दुसरी कोण आहे इथे?" मान पुढे गेली. डावा खांदा खाली होता.

समोरच्या मुलीने वर पाहिलं. तिला रडायचं नव्हतं, तसं लिहिलेलं नव्हतं, पण ती रडली. दिग्दर्शकाने कट म्हणायला उशीर केला.

किल्ल्यांचं मी सांगितलं नव्हतं. ते दोघींच्या एकत्र शॉटमध्ये होतं की नव्हतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

थोड्या वेळाने कुंदा स्वतःच्या साडीत बाहेर आली. हिरवी साडी तिने चौघडी करून आणली होती.

"निऱ्यांना पिन लावली नाही. भोकं पडली असती." तिने साडी माझ्या हातात दिली. मी उभाच होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. "काय आहे? तोंड उघडून उभे आहात. बोलायचंय का काही?"

होतं. मी घरून निघताना पाठ केलं होतं. सहा शब्दही नव्हते.

"गजरा," मी म्हणालो.

"तो माझ्याकडे राहू दे. पुढच्या सीनला लागेल. कंटिन्युटी आहे," कुंदा म्हणाली आणि मेकअपरूममध्ये गेली.

सोमवारी तो भाग लागला. आक्का आणि पाटणकर वहिनी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. शालन ओरडायला लागली तशी आक्का पुटपुटली, "किती वाईट वागते गं ही त्या पोरीशी." मग एकदम गप्प झाली. सीन पूर्ण लागला. पुढच्याच सीनला माईसाहेब देवघरातून बाहेर आल्या आणि त्यांचा चेहरा कुंदाचा होता. आक्काने टीव्ही बंद केला. आठवड्याने फुलवाली म्हणाली, "नवी सासू आधीच्या सासूपेक्षा बरी आहे. आधीची लई वंगाळ होती." शालनला हे सांगायला हवं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मालिका केव्हाच संपली. कुंदा राजवाडकर पुण्याला भाचीकडे असते, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काम करत नाही, असं भोईर मला एकदा स्टेशनवर भेटला तेव्हा म्हणाला. त्याने मला तिचा नंबरही दिला. तो मी फोनमध्ये घालून ठेवला आहे. हिरवी साडी कपाटात आहे, कुंदाने घातलेल्या घडीत. आक्का म्हणते कुणाला तरी देऊन टाक. मी देत नाही.

कुंदाबाई, तुम्हाला अभिनय येत नाही, असं तिला तोंडावर सांगायचं मी शालनला कबूल केलं होतं. ते अजून सांगायचं राहिलं आहे.